बिलाची शेपटी

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला ते जरा रागावून पाठवतोय, तेव्हा पाकीट जपून फोड.

फोनच करणार होतो. पण आमच्या पत्रा वाकवणाऱ्या मोठ्या प्रेसने इतकी वर्षं कान ठोकून काढलेत की फोनवर मी नुसता ओरडतो, आणि भांडण लागलं असं समजून शेजारचा काचवाला सोडवायला धावत येतो. मोबाइलवर लिहायला जावं तर माझ्या एका बोटाखाली तीन अक्षरं सापडतात. म्हणून पत्र.

तूच म्हणाली होतीस, "मामा, माल गेला, बिल केलं, आणि गिऱ्हाईक पैसे देणार दोन-तीन महिन्यांनी. तोवर हात चोळत कशाला बसायचं? बिल आमच्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर टाक. आम्ही आत्ता पैसे देतो, गिऱ्हाइकाने दिले की ते आमचे, मधल्या दिवसांचं व्याज लावतो." मी टाकली दोन बिलं. दोन्ही बिजागऱ्यांचीच. एकाच पत्र्यातून कापलेल्या, एकाच प्रेसवर वाकवलेल्या, एकाच पॉलिशवाल्या बाईने पुसलेल्या. तुझ्या कंपनीने पहिल्या बिलाला व्याज लावलं बारा टक्के. दुसऱ्याला सत्तावीस! बारा वाचून मी उभा होतो, सत्तावीस वाचून बसलो. मी तोच, बिजागरी तीच, मग हा भेदभाव कसला? अर्धा मामा सज्जन आणि अर्धा लबाड, असं काही तुमच्या कॉम्प्युटरला दिसलं का?

मी तर अर्जाला सगळं जोडलं होतं. शाळेच्या मास्तरांचं चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र, रस्सीखेचीत पहिला आलो तेव्हाचा फोटो, साखरेचा रिपोर्ट (नॉर्मल आहे), आणि काचवाल्याची चिठ्ठी, "माणूस सरळ आहे, फक्त ओरडतो." आणखी काय पाहिजे?

गंमत सोड. नवं हॉस्पिटल उभं राहतंय, त्याच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांचं काम मला मिळालंय. मार्चअखेर माल द्यायचाय. पत्रेवाला म्हणतो, आधी मागचे पैसे, मग पत्रा. त्या दुसऱ्या बिलाचे पैसे हातात आले तर सगळं सुरळीत होईल. नाहीतर मोठा प्रेस विकावा लागेल. जुन्या मशिनांचा दलाल दर शनिवारी टेप घेऊन येतो आणि प्रेस दारातून निघेल का, हे मोजून जातो. दार काही वाढत नाही आणि प्रेस काही आटत नाही, तरी मोजतो. प्रेस विकला तर पत्र्याचे पैसे फिटतील, पण मग हॉस्पिटलच्या बिजागऱ्या काय दातांनी वाकवू?

तेव्हा तुझ्या कंपनीत तुझं जे काही वजन असेल ते टाक.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साखर नॉर्मल असल्याबद्दल अभिनंदन. तुझा रस्सीखेचीचा फोटो आमच्या ऑफिसात फिरतोय. मागून तिसरा, डोळे मिटलेला, तो तूच ना?

आधी एक सांगून टाकते. तुझा अर्ज आल्या आल्या मी आमच्या चष्मेवाल्या बाईंना सांगितलं की हा माझा मामा. बाई म्हणजे आमच्या जोखीम विभागाच्या प्रमुख. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि तिसरा शोधत असतात. त्यांनी तुझी फाइल ताबडतोब दुसऱ्याकडे दिली. नातेवाइकाच्या अर्जाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. तेव्हा माझं वजन टाकायचा प्रश्न मिटला. पण दर कसा ठरतो ते सांगायला काही बंदी नाही.

तू स्वतःचं प्रमाणपत्र पाठवलंस, मामा, पण परीक्षा तुझी नव्हतीच! आम्ही तुला पैसे देतो ते आम्हाला परत कोण करणार? तुझं गिऱ्हाईक. मग आम्ही कुणाकडे बघायचं? तो माणूस वेळेवर देतो का, मागे कितीदा उशीर केला, पैसे देताना काही ना काही खुसपट काढून रक्कम कापतो का, हे सगळं बघतो. बिल जितकं लांब मुदतीचं तितकी धाकधूक जास्त, म्हणून व्याजही जास्त. आणि तुझा निम्म्याहून अधिक माल एकाच दुकानात जात असेल तर तेही भीतीचंच, कारण ते दुकान खोकलं की तुला ताप येणार. त्याने बुडवलंच तर शेवटी तुझ्याकडे वसुली निघते, म्हणून तुलाही बघतो, पण तुझा नंबर दुसरा.

या सगळ्यावरून गिऱ्हाइकाला एक दर्जा मिळतो. अ म्हणजे डोळे झाकून द्या. ड म्हणजे डोळे फाडून द्या, किंवा देऊच नका. तुझ्या बारा टक्क्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तो शाळेची बाकं करणारा असणार, तो अ असेल. पण हा सत्तावीस टक्केवाला कोण रे? त्याच्याकडून एक साधं पत्र घे, "माल मिळाला, बरोबर आहे, एवढे पैसे देणं लागतो." तेवढ्यानेसुद्धा दर बराच उतरतो.

आमच्या बाबांसारखं गिऱ्हाईक असतं तर प्रश्नच नव्हता. बाबा जेवताना हमखास सांगतात, "मेव्हण्याचं एक बिल मी आजवर थकवलेलं नाही." आई तेव्हा नेमकी भाजी वाढायला उठते.

तुझी चिमणी


१८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, आणि एकदा मोठ्याने आमच्या प्रेसवाल्यासाठी. तो म्हणाला, "म्हणजे सासऱ्याची अक्कल बघून जावयाला कर्ज." मला वाटतं त्याला कळलं.

पण मला पटलेलं नाही. पैसे मी मागतोय, वेळ माझ्यावर आलीय, आणि तुम्ही तिसऱ्याच्या घरात डोकावताय. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून मी काही बोलत नाही.

ते पत्राचं मात्र जमायचं नाही. तो माणूस जुना आहे, आपला आहे. त्याला काय म्हणू, "तुम्ही देणं लागता हे जरा लिहून द्या"? बाहेरच्याला म्हणता येतं. आपल्या माणसाला लिहून मागितलं की झालं, उद्या त्याच्या घरी पाणी मागायचीसुद्धा चोरी. तुमच्या चष्मेवाल्या बाईंना भाऊ-बहीण नाहीत का?

आणि त्याचा उशीर म्हणशील तर कागदावर त्याचा एका दिवसाचाही उशीर नाही. त्याची काळजी मीच घेतो. मुदत उलटायला आली की जुनं बिल रद्द करतो आणि नव्या तारखेचं करतो. मग तो माणूस कधीच थकबाकीदार दिसत नाही. नाव राहतं, आणि मला मागावंही लागत नाही. ही युक्ती माझी मीच काढलीय. तुमच्या कॉम्प्युटरलासुद्धा सुचली नसती.

तो कोण, हे विचारू नकोस. धंद्यातल्या गोष्टी धंद्यात बऱ्या.

दाजींची तब्येत कशी आहे? त्यांना म्हणावं, मी सहज विचारलं. काही आठवण करून देत नाहीये. तू "मामाने विचारलंय" असंसुद्धा म्हणू नकोस, उगाच काहीतरी वाटायचं. नकोच सांगूस.

तुझा मामा

ता. क. दाजी म्हणतात ते खरं आहे. एकही बिल थकलेलं नाही.


२ मार्च

प्रिय मामा,

दहा-बारा दिवस उत्तर लिहिलं नाही, माझा कान धर. पण मी काय पराक्रम केलाय तो ऐकलास तर माफ करशील.

आमच्याकडे दर महिन्याला एक अवघड फाइल सगळ्यांसमोर ठेवतात. नाव, गाव, माल सगळं झाकलेलं, नुसते व्यवहार दिसतात. लांब टेबल, भिंतीवर पडदा, आणि एसी इतका गार की आकडेवाला मफलर गुंडाळून बसतो. हा आकडेवाला म्हणजे माझ्या शेजारचा. त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी टक्केवारी सांगेल, नाव मात्र आठवून सांगेल.

तर यंदाची फाइल! एक विक्रेता एका खरेदीदाराला माल देतो, बिल करतो. पैसे यायची वेळ झाली की बिल रद्द. लगेच तेवढ्याच रकमेचं नवं बिल. त्याची वेळ झाली की तेही रद्द. वर्षभर हाच खेळ! सगळे म्हणाले, चूक होत असेल. मी उभी राहिले. म्हटलं, चूक एकदा होते, दरवेळी होते ती चाल असते. माल कुठे गेलेलाच नाही, नुसती बिलं फिरताहेत. मी तर पुढे जाऊन म्हटलं, हे दोघं नात्यातले असणार, पैज लावते! परक्या माणसाशी इतकं साटंलोटं कुणी करत नाही.

आणि तो खरेदीदार काय कोडगा आहे म्हणून सांगू! कधीतरी मूळ मुदत उलटून महिन्या-दोन महिन्यांनी पैसे देतो, तेही पुरते नाहीत. प्रत्येक वेळी रकमेची शेपटी तोडून गोल आकडा पाठवतो आणि शेरा मारतो, "मालाबद्दल तक्रार." बिलाची शेपटी तोडल्याशिवाय या गृहस्थाला अन्न गोड लागत नसावं. असा माणूस माझ्या ओळखीचा असता ना, तर त्याच्या घरी मी पाणीसुद्धा प्यायले नसते.

चष्मेवाल्या बाईंनी दोन्ही चष्मे काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मुद्दा आहे." फाइलवर शिक्का पडला, संशयित. आता त्या महाठगाला आमच्याकडून एक पैसा मिळायचा नाही. आकडेवाल्याने मला कॉफी पाजली.

घरी सगळे छान. बाबांनी दुकानाला आपोआप उघडणारं काचेचं दार बसवलंय. दारं विकणाऱ्या माणसाच्या दुकानाला बिजागरीच नाही! आईने विचारलं, एवढा पैसा आला कुठून? बाबा म्हणाले, "सध्या हात जरा मोकळा आहे." आई पुन्हा भाजी वाढायला उठली.

तुझ्या त्या बिलाचं काय झालं? दलाल अजून मोजतोय का?

तुझी (शूर) चिमणी


७ मार्च

चि. चिमणीस,

तुझ्या पराक्रमाबद्दल वाचलं. आनंद झाला असं लिहिणार होतो, पण खोटं लिहायची सवय नाही, तुझ्या त्या महाठगासारखी.

एवढंच सांगतो की चोर सोडून संन्याशाला फाशी, असं एखादे वेळी होतं. त्या माणसाचा माल खरा असेल. घाम खरा असेल. बिलं बदलत असेल ती कुणाचं तरी नाव खराब होऊ नये म्हणून. असेल बिचाऱ्याची थोरली बहीण त्या घरात दिलेली. तिला दोन शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात असेल. तुझ्या पडद्यावर हे दिसत नाही. आणि गार खोलीत बसून दुसऱ्याला ठग म्हणायला काही लागत नाही.

माझा अर्ज मी मागे घेतलाय. तुमच्याकडून चिठ्ठी आलीच होती, "सध्या विचार करता येत नाही." दलालाने विसार दिलाय. वीस तारखेला प्रेस नेणार आहे. दार तोडावं लागेल म्हणाला. इतके शनिवार मोजून शेवटी हा शोध लागला. पॉलिशवाल्या बाईंना अजून सांगितलेलं नाही, प्रेसवाल्याला सांगावं लागलं नाही. तो आज दिवसभर मशीन नुसतं पुसत होता.

आईला माझा नमस्कार सांग. आणखी काही सांगू नकोस.

मामा


१० मार्च

मामा,

तो तूच ना?

तुझं पत्र वाचताना "थोरली बहीण त्या घरात दिलेली" इथवर आले आणि पुढचं वाचताच येईना. लगेच तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढलं. "ही युक्ती माझी मीच काढलीय." मामा, तू मला सगळं सांगितलं होतंस आणि मी वाचून हसले होते! माझ्या डोक्यात ठग म्हणजे कुणीतरी काळा चष्मा लावलेला. बिजागऱ्या वाकवणारा, रस्सीखेचीत डोळे मिटणारा माझा मामा तिथे बसतच नव्हता.

आणि खरेदीदार कोण, याची खात्री काल पटली. घरी नळवाला आला होता. काम झालं, त्याने पैसे सांगितले. बाबांनी नळ उघडून बघितला, म्हणाले, "अजून टिपटिपतंय," आणि वरची शेपटी तोडून गोल आकडा त्याच्या हातावर ठेवला. नळ ठणठणीत बंद होता. मी हातात पेला घेऊन उभी होते, मामा, आणि मला माझंच वाक्य आठवलं, त्याच्या घरी पाणी प्यायले नसते. पेला तसाच खाली ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी सकाळीच चष्मेवाल्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नातेवाइकाच्या फाइलला हात लावू नये म्हणून तुझ्यापासून दूर ठेवली, आणि तू ती झाकलेली असताना दोन्ही हातांनी धरून आपटलीस." मी रडले. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि जे समजावलं ते तुझ्यासाठी लिहिते. बाबा उशिरा देतात, हे जर बिलांवर सरळ दिसलं असतं, तर तुला एकोणीस टक्क्यांनी पैसे मिळाले असते. महाग, पण मिळाले असते. उशिराचा दर ठरवता येतो. तू उशीर पुसून टाकलास म्हणून ते खोटं दिसलं, आणि खोट्याला दर नसतो. बाबांचं नाव राखायला तू तुझं घालवलंस. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती हीच, मामा.

मी तुला ठग म्हटलं, सगळ्यांसमोर, उभी राहून. त्याची मला फार लाज वाटते.

बाबांकडून ते पत्र मिळालं तर बाई फाइल पुन्हा उघडणार आहेत. मी आज जेवताना बाबांशी बोलणार आहे. तुझी परवानगी मागत नाहीये. हे तुझ्या हातात पडेल तोवर बोलून झालेलं असेल. दलालाला काहीतरी सांगून थोपवून धर. दार तोडू देऊ नकोस.

तुझी चिमणी


१४ मार्च

मेव्हणेसाहेब,

मी पत्र लिहीत नसतो हे तुला माहीत आहे. लिहावं लागलं यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

चार दिवसांपूर्वी जेवताना माझ्या मुलीने, जिच्या शिक्षणाला मी खर्च केला, माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. म्हणाली, "बाबा, असं वागणाऱ्या खरेदीदाराला आम्ही कोणता दर्जा देतो, ओळखा." मी वाचलं. उशिरा देतो, पुरतं देत नाही, खुसपट काढतो. म्हटलं, अशाला ड द्यावा आणि दुकानाच्या पायरीवरही उभं करू नये. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आहात."

मी ड! या बाजारात माझ्या दुकानाचं नाव आहे. माझ्याकडची दारं न्यायाधीशाच्या घराला आहेत! मी म्हटलं, मेव्हण्याचं एक तरी बिल थकलेलं दाखव. तर ती म्हणे, "म्हणूनच तर मामा अडकलाय." मला काही उमजेना. तेव्हा तुझी बहीण, जी एरवी भाजी वाढायला उठते, ती उठली नाही. ती बसून बोलली. काय बोलली ते लिहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलली.

आता माझी बाजू ऐक. तू बिल पाठवायचास, मी ते टाचणीला लावायचो. देणार तोच तुझ्याकडून "रद्द" असं लिहून यायचं आणि मागोमाग नव्या तारखेचं बिल. नवी तारीख म्हणजे नवी मुदत. मला वाटलं, मेव्हण्याला पैशाची घाई नाही, उलट ठेवून घ्या म्हणतोय. तुझ्या बहिणीला मी कौतुकाने म्हटलं होतं, तुझ्या भावाकडे पैसा लोळतोय. अरे गृहस्था, मागायला तोंड नव्हतं का? एरवी तर काचवाल्याला धावायला लावण्याइतकं ओरडतोस.

सोबत पत्र जोडलं आहे. माल मिळाला, बरोबर आहे, एवढं देणं लागतो. सही, शिक्का, दुसरा शिक्का. त्या कंपनीला आणखी एखादा शिक्का हवा असेल तर तोही आहे.

शेपटीबद्दल मात्र मी ठाम आहे. तुझ्या बिजागऱ्या करकरतात.

तुझे दाजी

ता. क. ड नंतर काही नसतं म्हणे. क मिळायला काय करावं लागतं, ते मुलगी सांगत नाही. नियमात बसत नाही म्हणते. तुला माहीत असेल तर कळव.


३० एप्रिल

चि. चिमणीस,

आशीर्वाद, आणि या खेपेला पाकीट कसंही फोड.

तुला तुकड्या-तुकड्याने कळलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक. दाजींचं पत्र पोचलं आणि तुमच्या बाईंनी मला एकोणीस टक्क्यांनी पैसे दिले. सत्तावीसला बसलो होतो, एकोणीस वाचून चक्क चहा मागवला. पत्रा आला. दलालाला विसार परत दिला, तर पठ्ठ्या म्हणाला, "पुढेमागे लागलं तर दाराचं माप माझ्याकडे आहे." हॉस्पिटलचा माल मार्चअखेर गेला. पॉलिशवाल्या बाईंना मी मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. दलाल मापं घ्यायचा तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरायचे."

मी इतकी वर्षं दाजींना कागदावर चांगलं ठेवत होतो आणि प्रत्यक्षात बिघडवत होतो, हे मला आता कळतंय. ताईपायी केलं म्हणत होतो. ती परवा आली, प्रेस चालू होता तरी जवळ बसली आणि माझ्या बऱ्या कानात म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच महिन्यात भाजी खाली ठेवली असती."  मी उठून उगाच तेल घालायला गेलो.

दाजी तर ओळखू येत नाहीत. तुमच्या कंपनीला मुदतीच्या आधी पैसे पोचते केले म्हणे, आणि रोज फोन करून क झाला का विचारतात. परवा काचवाल्याला सांगत होते, "आम्ही सध्या वरच्या दर्जाकडे चाललोय." मी इतकी वर्षं जपून जपून जे केलं नाही ते तुझ्या एका ड ने केलं.

आता मुख्य गोष्ट. पैसे दिले, आधी दिले, पण सवयीने शेपटी तोडलीच. तेवढ्याची भरपाई तुमच्या कंपनीने माझ्याकडून घेतली. मी म्हटलं, ठीक आहे. बसलो आणि त्या शेपटीचं वेगळं बिल केलं. दोन कागद फाडले, खोटं कशाला सांगू. पण केलं, तारीख घातली आणि पोस्टात टाकलं.

काल दाजी स्वतः वर्कशॉपात आले, बिल हातात नाचवत. मला वाटलं झालं, आता तोंड बघणार नाहीत. त्यांच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाला आत घेऊन मिटलं होतं आणि उघडत नव्हतं, म्हणून आधीच तापलेले. मला म्हणाले, "हे काय? एवढ्याशा शेपटीचं बिल?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "नेहमीसारखं रद्द कर की." मी म्हटलं, "दाजी, हे रद्द व्हायचं नाही." एवढं म्हणायला मला इतकी वर्षं लागली, आणि म्हणून झाल्यावर बघतो तर छप्पर जागच्या जागी होतं.

त्यांनी खिसे चाचपले, सुट्टे मोजून टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. मी दिली. मग ते आमच्या दारापाशी गेले. ते दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, कान लावला. मला म्हणाले, "करकरत नाही रे." मी म्हटलं, "कधीच करकरत नव्हतं." त्यांनी बिजागरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्या दुकानाला साधं दार बसवतोय. बिजागऱ्या पाठव. आणि बिल सोबतच पाठव."

तुझा मामा